लहान घरात आठ जणांचे निवांत जेवण: जागा, स्वयंपाक आणि यजमानाची उठबस यांचा मेळ कसा घालावा?

प्रश्न: दारामागची खुर्ची

आमचे घर दोन खोल्यांचे आहे. बाहेरची खोली साधारण ३ मीटर रुंद आणि पावणेचार मीटर लांब असून बसणे, जेवणे आणि कोपऱ्यात मांडलेले कामाचे टेबल हे सगळे त्याच खोलीत सामावलेले आहे. स्वयंपाकघर इतके अरुंद आहे की फ्रिजचे दार पूर्ण उघडले की ओट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला मागे सरकावे लागते. जेवणाचे टेबल चौघांचे आहे. अशा घरात सहा पाहुण्यांना एका संध्याकाळी जेवायला बोलवावे, म्हणजे आम्हा दोघांना धरून आठ जण व्हावेत, असे बरेच दिवस मनात आहे. परंतु प्रत्येक वेळी जागेचा विचार आला की बेत पुढे ढकलला जातो.

मला थाटमाट करायचा नाही. लोकांनी यावे, पोटभर जेवावे, गप्पा माराव्यात आणि कोणालाही अवघडल्यासारखे वाटू नये, एवढीच अपेक्षा आहे. अडचण अशी की मी ज्या लहान घरांत जेवायला गेलो आहे, तिथे बहुतेक वेळा यजमानच त्या संध्याकाळी हजर नसतो. तो शेगडीपाशी असतो, भांडी शोधत असतो किंवा कोणाला तरी उठवून कपाट उघडत असतो. आणि त्याची धावपळ पाहून पाहुणेही चोरट्यासारखे बसून राहतात.

म्हणून ज्यांनी लहान जागेत असे जेवण जमवले आहे, त्यांच्याकडून जाणून घ्यायचे आहे की आठ जणांना टेबलाशी बसवण्याचा हट्ट धरावा, की प्रत्येकाने आपापले ताट वाढून घेऊन जागा मिळेल तिथे बसावे हे बरे? आदल्या दिवशी काय काय करून ठेवता येते आणि काय मुळीच ठेवू नये? आणि आठ हा आकडाच अशा खोलीसाठी अवाजवी आहे का?

उत्तर: मोजपट्टी

आकड्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे सगळे निर्णय त्यावरच अवलंबून आहेत. आठ माणसे त्या खोलीत मावतील; पण आठ माणसांची एकच गप्पांची मैफल तिथे होणार नाही, आणि ती मोठ्या दिवाणखान्यातही होत नाही. मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डन्बार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांच्या सहज जमलेल्या गप्पांचे निरीक्षण केले, तेव्हा एका संभाषणात साधारण चार माणसांपर्यंतच लोक टिकतात आणि पाचवा आला की घोळका फुटू लागतो, असे त्यांना आढळले. त्यामुळे आठ जणांसाठी एक मोठे वर्तुळ मांडण्याच्या खटाटोपात पडण्याऐवजी चौघाचौघांच्या दोन जागा तयार होतील आणि माणसांना एका जागेवरून दुसरीकडे सहज जाता येईल, अशी मांडणी करावी. सहा किंवा आठ हे आकडे सोयीचे आहेत. सात मात्र मला गैरसोयीचा वाटतो, कारण त्यात एखादा कडेचा माणूस दोन्ही गप्पांच्या मधोमध लोंबकळत राहण्याची शक्यता असते.

आता खोलीकडे वळू. लहान घरात पाहुणे येणार म्हटले की आपण शेजारून खुर्च्या मागवतो; खरे तर आधी सामान बाहेर काढायला हवे. मधले बुटके टेबल, झाडाची कुंडी, दिव्याचा उभा खांब, वर्तमानपत्रांची चळत हे सगळे एका संध्याकाळीपुरते आतल्या खोलीत नेऊन ठेवले की खोलीचा आकार किती बदलतो, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पटत नाही. माणसाला ताट हातात धरून विनासायास चालायला साधारण ९० सेंटिमीटर रुंदीची वाट लागते. ६० सेंटिमीटरमधून तो जाऊ शकतो, पण अंग चोरून. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत, आणि तिथून स्वच्छतागृहापर्यंत अशी एक मोकळी वाट राखा आणि त्या वाटेत एकही खुर्ची ठेवू नका. बाकीची खोली दाटीवाटीची झाली तरी हरकत नाही. दाटी लोक सहन करतात, किंबहुना तिच्यामुळे मोकळेपणा येतो. त्रास होतो तो दर दोन मिनिटांनी कोणासाठी तरी उठावे लागण्याचा.

माझे स्पष्ट मत असे की आपापले वाढून घेण्याची पद्धत या खोलीला अधिक मानवेल. त्यासाठी जेवणाचे टेबल भिंतीपासून ओढून पुढे घ्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी वाढून घेता येईल आणि रांग लागणार नाही. ताटे सुरुवातीला ठेवावीत. चमचे, काटे आणि हातरुमाल मात्र शेवटी, कारण ते आधी उचलले की वाढून घेताना एक हात अडकतो आणि रश्श्याचा डाव ताटाऐवजी टेबलक्लॉथवर रिकामा होतो. पाणी आणि इतर पेये जेवणाच्या टेबलावर कधीही ठेवू नयेत. ती खोलीच्या विरुद्ध कोपऱ्यात, तुमच्या कामाच्या टेबलावर मांडावीत, म्हणजे पाणी हवे असलेला माणूस आणि भात वाढून घेणारा माणूस यांची गाठ पडणार नाही. या एका बदलाने अर्धी गर्दी कमी होते.

मांडीवर ताट घेऊन जेवायचे असेल, तर सुरीने कापावे लागेल असे काहीही करू नका. खोलगट ताटल्या किंवा मोठे वाडगे घ्या आणि एकाच चमच्याने किंवा काट्याने खाता येतील असे पदार्थ ठरवा. शिवाय प्रत्येक बसणाऱ्याच्या हाताच्या अंतरावर पेला टेकवायला जागा हवी. ते स्टूल असेल, खिडकीची कड असेल किंवा पालथी घातलेली लाकडी पेटी असेल. बसायला जागा मिळाली आणि पेला ठेवायला मिळाली नाही, तर माणूस जेवणभर पेला पायांत धरून बसतो आणि त्याचे अर्धे लक्ष तिथेच राहते. आदल्या दिवशी स्वतः एका हातात ताट आणि दुसऱ्या हातात पेला घेऊन प्रत्येक जागी बसून पाहावे. यातून जे कळते ते कागदावर आराखडा काढून कळत नाही.

उत्तर: एका बाकावर

मोजपट्टी यांचे म्हणणे हिशेबाने बरोबर असले तरी मी त्याच्या विरुद्ध बाजूने मत देईन. मांडीवर ताट घेऊन लोक जेवतात, पण निवांत होत नाहीत; ते लवकर जेवण उरकतात, ताट कुठे ठेवावे या विचारात पडतात, आणि एकदा उठले की सगळेच उठतात. टेबलाशी बसलेली माणसे जेवण संपल्यावरही तासभर हलत नाहीत. प्रश्नकर्त्यांना जर गप्पा हव्या असतील, तर आठ जणांना टेबलाशी बसवण्याचा प्रयत्न नक्की करावा, आणि दिलेल्या मापांच्या खोलीत ते शक्यही आहे.

जेवताना प्रत्येक माणसाला टेबलाच्या कडेची साधारण ६० सेंटिमीटर जागा लागते. चौघांचे टेबल बहुधा १२० सेंटिमीटर लांब आणि ७५ रुंद असते. त्याला कामाचे टेबल लांबीने जोडले की एकूण लांबी सव्वादोन मीटरच्या आसपास जाते. दोन्ही बाजूंना तीन तीन आणि टोकांना एकेक असे आठ जण तिथे बसतात. टोकांच्या खुर्च्या धरून लांबी सुमारे साडेतीन मीटर होईल, म्हणजे पावणेचार मीटरच्या खोलीत थोडीशी फट उरते. रुंदीचा प्रश्न मात्र युक्तीने सोडवावा लागतो. खुर्ची मागे ओढून उठायला टेबलाच्या कडेपासून ७५ सेंटिमीटर लागतात, पण भिंतीला लागून बाक ठेवला तर ५० मध्ये काम भागते, कारण बाक मागे ओढावा लागत नाही. बाक विकत आणण्याची गरज नाही. दोन भक्कम, सारख्या उंचीच्या खुर्च्यांवर जाड फळी आडवी टाकून तिच्यावर घडी घातलेली चादर पसरली की बाक तयार होतो. फळी घसरू नये म्हणून तिच्या खाली जाळीदार रबरी चटईचे तुकडे घालावेत आणि पाहुणे येण्यापूर्वी घरातील जड माणसाने तिच्या मधोमध बसून खात्री करून घ्यावी.

जोडलेल्या टेबलांची उंची एकसारखी नसेल तर बुटक्या टेबलाच्या पायांखाली पुठ्ठ्याच्या घड्या घालाव्यात. दोन टेबले जिथे भिडतात, त्या रेषेवर एकच लांब कापड अंथरले तरी रेष आतून उरतेच, आणि पेला नेमका तिथेच ठेवला जातो. त्या रेषेवर मीठ, लोणी, फुलांची बुटकी वाटी अशा वस्तू आधीच मांडून ठेवल्या की कोणी तिथे पेला ठेवत नाही.

कोणाला कुठे बसवायचे याचा विचार पाहुणे येण्यापूर्वीच व्हावा. बाकावर मधे बसणाऱ्याला जेवण संपेपर्यंत बाहेर पडता येत नाही, म्हणून तिथे लहान मुलांचे आईवडील, गुडघ्याचा त्रास असलेली माणसे किंवा फोन घेण्यासाठी वारंवार उठणारी माणसे बसवू नयेत. यजमानाची जागा स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या टोकाला असावी. टेबलाच्या कोपऱ्यावर एकमेकांशी काटकोनात बसलेली माणसे समोरासमोर बसलेल्यांपेक्षा अधिक बोलतात, असे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सॉमर यांनी निरीक्षणांतून दाखवले होते. तेव्हा जो पाहुणा इतरांना फारसा ओळखत नाही, त्याला यजमानाच्या शेजारच्या कोपऱ्यावरची जागा द्यावी. तिथे त्याला बोलायला हक्काचा माणूस मिळतो आणि गप्प बसायचे असल्यास तेही खपून जाते.

वाढण्याबद्दल एवढेच सांगतो की आठ जणांच्या लांब टेबलावर प्रत्येक पदार्थाची दोन भांडी हवीत, प्रत्येक टोकाला एक. एकच मोठे भांडे ठेवले की ते सारखे हातोहात फिरत राहते आणि बोलणे तुटते.

उत्तर: मंद आच

वरच्या दोन्ही उत्तरांतले काहीही निवडा. जेवणाचा बेत चुकला तर दोन्ही मांडण्या फसतात. अरुंद स्वयंपाकघरासाठी मी एकच नियम पाळते: पाहुणे दारात येतील त्या क्षणी शेगडीवर फार तर एक भांडे असावे, आणि त्याच्याकडे वीस मिनिटे कोणी पाहिले नाही तरी त्याचे काही बिघडू नये. या नियमात तळण बसत नाही. तळलेल्या पदार्थाच्या आतली वाफ काही मिनिटांतच बाहेरच्या कडक थरात शिरते आणि तो मऊ पडतो. म्हणून तो आयत्या वेळीच करावा लागतो आणि करणारा माणूस गप्पांना मुकतो. उलट रस्सेदार, मंद आचेवर शिजणारे पदार्थ आदल्या दिवशी केले तर रात्रभर मुरून अधिक चांगले लागतात. मुख्य पदार्थ असा निवडावा, सोबतीला खोलीच्या तापमानाला चांगले लागणारे एकदोन पदार्थ ठेवावेत आणि गोड पदार्थ आदल्या दिवशी सेट करून फ्रिजमध्ये ठेवावा, म्हणजे त्या संध्याकाळी करायचे फारसे काही उरत नाही. सॅलडच्या भाज्या आधी चिरून, कोरड्या करून ठेवता येतात. मीठ आणि आंबट घटक मात्र वाढतानाच घालावेत, कारण मीठ भाज्यांतील पाणी बाहेर ओढते आणि अर्ध्या तासात भांड्याच्या तळाशी तळे साचते.

आदल्या दिवशी काय ठेवू नये, असेही विचारले आहे. प्रश्न पदार्थापेक्षा तो कसा ठेवला जातो याचा अधिक आहे. ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात, म्हणून शिजवलेले अन्न त्या पट्ट्यात कमीत कमी वेळ राहावे. मोठे पातेले भरून रस्सा केला आणि तो तसाच फ्रिजमध्ये सरकवला, तर वरून गार लागला तरी मध्यभाग कित्येक तास कोमट राहतो, आणि शेजारच्या दुधादह्यालाही त्याची ऊब लागते. तो उथळ भांड्यांत, पाचसहा सेंटिमीटर खोलीपेक्षा जास्त नाही असा, वाटून घ्यावा, वाफ थोडी ओसरू द्यावी आणि शिजवल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा. दुसऱ्या दिवशी गरम करताना नुसता कोमट करू नये. मध्यभागी ७५ अंशांपर्यंत तापला पाहिजे, म्हणजे पातळ पदार्थाला सर्वत्र चांगली उकळी यायला हवी.

भाताबद्दल वेगळे सांगावे लागेल, कारण त्याला लोक निरुपद्रवी समजतात. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते शिजवल्यावरही टिकतात, भात उबदार जागी पडून राहिला की त्यांची वाढ सुरू होते, आणि त्यांनी तयार केलेले एक विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. त्यामुळे सकाळी केलेला भात संध्याकाळपर्यंत ओट्यावर झाकून ठेवणे हा चुकीचा मार्ग आहे. पाहुणे येण्याच्या सुमारास ताजा लावावा, झाकणासकट जाड कापडात गुंडाळून ठेवावा आणि जेवणाच्या वेळी उघडावा.

टेबलावर मांडलेल्या अन्नालाही हाच हिशेब लागू होतो. साधारण दोन तासांच्या पुढे ते बाहेर राहू नये, आणि खोलीतील हवा ३२ अंशांहून अधिक तापलेली असेल तर एका तासातच उचलावे. निवांत जेवणात वेळेकडे कोणाचे लक्ष नसते हे मान्य आहे. म्हणूनच सगळे एकदम न मांडता लहान भांड्यांत थोडे थोडे मांडावे आणि भांडे संपले की ते उचलून दुसरे भरलेले ठेवावे. अर्ध्या रिकाम्या भांड्यात नवे ओतत राहिले तर तळाचे अन्न शेवटपर्यंत तिथेच राहते.

फ्रिज लहान असेल तर आदल्या दिवशी सकाळी त्यातील पाण्याच्या बाटल्या, लोणची, जॅम यांसारखे काही तासांत न बिघडणारे सामान बाहेर काढून जागा करून घ्यावी. आणि आमंत्रण देतानाच कोणाला काय चालत नाही, कशाची ॲलर्जी आहे, हे विचारून घ्यावे. शेंगदाणे, तीळ, दूध, अंडी, गहू यांपैकी एखाद्या गोष्टीची ॲलर्जी निघाली, तर त्या व्यक्तीसाठी वेगळा पदार्थ करण्यापेक्षा तो घटक सगळ्या बेतातूनच वगळावा. लहान ओट्यावर चमच्यांची सरमिसळ होणे जवळपास अटळ असते.

पुढचा प्रश्न: दारामागची खुर्ची

तिन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. टेप घेऊन मोजले. दोन टेबले जोडून बाक भिंतीला लावला तर उरलेल्या बाजूने स्वयंपाकघराकडे जायला पुरेशी वाट राहते, म्हणून टेबलाशीच बसायचे ठरवले आहे, आणि पेयांची सोय मात्र मोजपट्टी यांनी सांगितल्याप्रमाणे वेगळ्या स्टुलावर खिडकीपाशी करणार आहे. मुख्य पदार्थ आदल्या दिवशीच होईल.

एक गोष्ट विचारायची राहून गेली. पाहुण्यांपैकी एका वडीलधाऱ्या व्यक्तीला कमी ऐकू येते. त्या श्रवणयंत्र वापरतात, पण गोंगाटात त्यांना बोलणे समजत नाही आणि मग त्या हसून मान डोलावत राहतात. आमच्या खोलीला फरशी, मोकळ्या भिंती आणि काचेची मोठी खिडकी आहे, त्यामुळे चार माणसे बोलली तरी आवाज घुमतो. त्यावर काही करता येईल का?

उत्तर: चार भिंती

नक्कीच करता येईल, आणि जे त्यांच्यासाठी कराल त्याचा लाभ सगळ्यांनाच होईल. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, ही गोष्ट फ्रेंच वैद्य एत्येन लोंबार यांनी १९११ मध्ये नोंदवली होती. आठ जणांच्या दोन गप्पा शेजारी शेजारी चालू झाल्या की प्रत्येक जण दुसऱ्या गटावर मात करण्यासाठी थोडा मोठ्याने बोलतो, त्यामुळे दुसरा गट आणखी मोठ्याने बोलतो, आणि अर्ध्या तासात सगळे ओरडत असतात. फरशी, काच आणि उघडी भिंत आवाज परतवतात, म्हणून तुमच्या खोलीत हे अधिक लवकर होईल.

उपाय घरातच असतात. खिडकीचा जाड पडदा ओढून घ्यावा. पातळ पडद्याचा फारसा उपयोग होत नाही. टेबलाखाली सतरंजी किंवा गालिचा अंथरावा, टेबलावर जाडसर कापड घालावे, आणि बाकामागच्या भिंतीला गोधडी किंवा जाड चादर टांगावी. शेवटची गोष्ट विचित्र वाटेल, पण बसलेल्या माणसांच्या कानांच्या उंचीवर असलेला मऊ पृष्ठभाग फार उपयोगी पडतो, आणि चांगली गोधडी भिंतीवर वाईटही दिसत नाही. खुर्च्यांच्या पायांना कापडाचे गोल तुकडे चिकटवले की फरशीवरची खरखर थांबते. पार्श्वभूमीला गाणी लावण्याचा मोह आवरावा. पाहुणे येत असताना, खोली रिकामी असताना ती लावली तर ठीक. जेवायला बसल्यावर बंद करावीत. कमी ऐकू येणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हळू आवाजातले गाणेही बोलण्यावर पडलेला पडदा असते.

त्यांची जागा काळजीपूर्वक ठरवा. टोकाची जागा मानाची वाटते, पण दुसऱ्या टोकाचा माणूस तिथून दोन मीटरहून अधिक दूर असतो. लांब बाजूच्या मधोमध, भिंतीकडे पाठ करून त्यांना बसवले तर मागून गोंगाट येत नाही आणि सगळे चेहरे समोर किंवा शेजारी येतात. (बाकाच्या मधून बाहेर पडणे त्यांना अवघड असेल, तर बाकाचे कडेचे टोक द्यावे, एका बाकावर यांचा इशारा इथे लागू होतोच.) बोलणाऱ्यापासूनचे अंतर निम्मे झाले की त्याचा थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, आणि एवढा फरक कोणत्याही उपकरणाशिवाय पडतो. एखादा कान अधिक चांगला असेल तर तो कोणता हे आधीच विचारून घ्यावे; असे विचारले म्हणून कोणी दुखावत नाही.

दिव्यांचाही इथे संबंध येतो. ज्यांना कमी ऐकू येते ते ओठांच्या हालचालींवर बरेच अवलंबून असतात, म्हणून अंधुक मेणबत्त्यांचे जेवण त्यांच्यासाठी दुहेरी त्रासाचे ठरते. माथ्यावरचा एकच पांढरा प्रखर दिवा मात्र नको, कारण तो डोळ्यांखाली सावल्या पाडतो आणि खोली कचेरीसारखी वाटते. त्याऐवजी २७०० केल्विनच्या आसपासच्या पिवळसर प्रकाशाचे दोनतीन दिवे बसलेल्यांच्या डोळ्यांपेक्षा थोडे वर, बाजूंना ठेवावेत, म्हणजे चेहरे उजळतात. कोणाच्याही पाठीमागे, म्हणजे पाहणाऱ्याच्या थेट डोळ्यांवर येईल असा दिवा ठेवू नये. मेणबत्ती लावायचीच असेल तर बुटकी आणि बिनवासाची लावावी, आणि पडदा किंवा ती टांगलेली गोधडी तिच्यापासून हातभर तरी दूर असावी.

हवेकडेही लक्ष द्यायला हवे. शांत बसलेला माणूस सुमारे १०० वॉट इतकी उष्णता बाहेर टाकतो. आठ जण म्हणजे ८०० वॉट, शिवाय गरम अन्न आणि शेजारी तापलेले स्वयंपाकघर. थोडक्यात, बंद खोलीत एक हीटर चालू असल्यासारखे होते. पाहुणे येण्याच्या आधी खोली तुम्हाला किंचित थंड वाटेल अशी ठेवावी. आवाज अडवण्यासाठी पडदा ओढला असला तरी खिडकीची वरची फट उघडी राहू द्यावी आणि शक्य असेल तर आतल्या खोलीची समोरची खिडकीही, म्हणजे हवा आरपार वाहते. जेवणाच्या मधोमध लोक पेंगू लागले तर दोष गप्पांचा असतोच असे नाही.

उत्तर: मंद आच

एक पुरवणी जोडते, कारण खरकट्या भांड्यांचा विषय कोणीच काढला नाही आणि लहान घरात ती लपवायला जागा नसते.

पाहुणे येण्यापूर्वी सिंक आणि निथळत ठेवायची जाळी दोन्ही पूर्ण रिकामी असावीत, स्वयंपाकाची भांडी घासून जागेवर गेलेली असावीत. ओट्याखाली झाकणाची बादली ठेवावी, तिच्यात साबणाचे पाणी भरावे. ताटांतील उष्टे आधी कचऱ्याच्या डब्यात जाईल आणि चमचे, वाट्या त्या बादलीत. सुऱ्या आणि काचेचे पेले तिच्यात टाकू नयेत, कारण फेसाच्या पाण्यात हात घालणाऱ्याला ते दिसत नाहीत. ताटे एकावर एक रचून कोपऱ्यात ठेवली की पुरे; त्या रात्री पाहुण्यांसमोर भांडी घासायला उभे राहू नये. यजमान नळ सोडून घासू लागला की पाहुण्यांना निघायची वेळ झाल्याचे कळते, मग तुमची तशी इच्छा असो वा नसो.

मदत करू का, असे लोक विचारणारच. "नको, नको" म्हटले की ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून वाट अडवतात, आणि "हो" म्हटले तर आत दोन माणसे मावत नाहीत. म्हणून स्वयंपाकघराबाहेरची कामे आधीच ठरवून ठेवावीत: एकाने पाण्याचे जग भरलेले राहतील याकडे पाहावे, दुसऱ्याने जेवणानंतर ताटे गोळा करून दारापर्यंत आणून द्यावीत. तुम्ही दोघे यजमान आहात, तर एका वेळी एकानेच आत जायचे आणि दुसऱ्याने टेबलाशी बसून राहायचे, असेही आपसांत ठरवून घ्या.

आमंत्रण देताना सुरुवातीच्या वेळेबरोबर साधारण किती वाजता आटोपेल हेही सांगितले तर कोणाला वाईट वाटत नाही. लांबून येणाऱ्यांची आणि लहान मुले घरी ठेवून येणाऱ्यांची त्यामुळे सोयच होते. गोड पदार्थ मात्र टेबलाशी वाढू नका. जेवण झाल्यावर टोकाची खुर्ची आणि स्टुले खिडकीकडे सरकवून तिथे वाडगे हातात द्यावेत, म्हणजे बाकावर अडकलेली माणसे मोकळी होतात, जे इतका वेळ दूरच्या टोकांना होते ते शेजारी येतात, आणि ज्यांना निघायचे आहे त्यांना सगळ्यांना न उठवता निघता येते.

आणि उरलेले अन्न कोणासोबत द्यायचे असेल तर झाकणाचे डबे आधीच काढून ठेवा. पाहुणे दारात उभे असताना डब्यांची झाकणे जुळवत बसणे त्या अरुंद स्वयंपाकघरात तुम्हाला जमणार नाही. मात्र दोन तासांहून अधिक वेळ टेबलावर राहिलेले काही त्यात भरू नका. जे फ्रिजमधून बाहेर काढलेच नव्हते, तेवढेच द्या.